पुण्यातल्या फोटोवॉक ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना आणि फोटो स्पर्धा भरवणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार मंडळी,

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी ओळखते, काहींच्या ग्रुपमध्ये पण आहे, रविवारी सकाळी सगळे मिळून फोटो काढत फिरतात त्या वॉकला आलेली आहे, त्यामुळे हे कोणीतरी बाहेरून उठून लिहिलंय असं समजू नका. मी स्वतः कॅमेरा घेऊन फिरते. नाना पेठेत राहते. रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढूच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, तसं झालं तर पन्नास वर्षांनी आजची मंडई कशी होती, जुन्या बाजारात काय काय विकायला असायचं, लोक कसे कपडे घालायचे हे बघायला काहीच उरणार नाही. माझं म्हणणं असंय की ज्या माणसाचा चेहरा आपण घेऊन येतो त्याचं आपण काहीतरी देणं लागतो, आणि बटण दाबलं की ते देणं फिटत नाही, फोटो चार लोकांसमोर जातो तेव्हा ते खरं सुरू होतं. आता हे एकेका पोराला रस्त्यात गाठून सांगण्यात अर्थ नाही, कारण तो काढतो ते तुमच्या ग्रुपवर टाकायला, तुमच्या स्पर्धेत द्यायला, आणि तुम्ही ज्याला बक्षीस देता तसलेच फोटो पुढच्या वर्षी सगळे काढतात. म्हणून तुम्हाला लिहितेय.

आधी वारीबद्दल बोलते कारण ते माझ्या दारातलं आहे. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, आणि दिंड्या मग आजूबाजूच्या शाळा, वाडे, पार्किंग, जिथे जागा मिळेल तिथे. आमच्या वाड्यात पण एक दिंडी उतरते, परभणीकडची. पहाटे तीन-साडेतीनला टँकरपाशी आंघोळी चालू होतात. बायकांची वेगळी सोय सगळीकडे पुरते असं नाही, मग दोघी जणी लुगड्याचं एकेक टोक धरून आडोसा करतात, आत तिसरी पटपट चार तांबे अंगावर घेते, तिचं झालं की ती बाहेर येऊन लुगडं धरते आणि दुसरी आत जाते. आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर तीन-चार जण मोठ्या लेन्सा लावून बसलेले असतात. ओल्या केसांची बाई, मागून दिव्याचा उजेड, पाण्याचे थेंब चमकतायत, फोटो म्हणून छान येतो हे मलाही कळतं. एका वर्षी मी त्यातल्या एकाला सरळ जाऊन म्हटलं की अहो बंद करा हे, तर म्हणाला मॅडम पब्लिक प्लेस आहे, आणि मी तर श्रद्धा दाखवतोय. लुगडं धरून उभी असलेली मावशी ऐकत होती, ती म्हणाली, "श्रद्धा बघायची तर कीर्तनाला ये की बाबा, हितं काय हाय बघायला."

त्याच मावशी नंतर चहा पिताना बोलत होत्या. म्हणाल्या दरवर्षी वाटेत किती तरी जण फोटू काढतात, कोणी फुगडी घालायला लावतं, कोणी तुळस डोक्यावर घेऊन परत चालायला लावतं, "पर एकानं बी फोटू दावला न्हाई, कुठं लावत्यात कुणाला म्हाईत." आता आषाढात बालगंधर्वच्या कलादालनात वारीच्या फोटोंचं प्रदर्शन लागतं, आपण सगळे बघायला जातो, कौतुक करतो, पण त्या भिंतीवरच्या माणसांपैकी कितींना माहितीये की आपण तिथे लागलोय? आणि हे अवघड नाहीये हो. प्रत्येक दिंडीला नंबर असतो, रथापुढची अमुक, रथामागची अमुक, बॅनरवर गावाचं नाव असतं, विणेकरी असतात, दिंडीप्रमुखाचा मोबाईल नंबर तर बहुतेक वेळा ट्रकवरच लिहिलेला असतो. नाव आणि दिंडी नंबर खिशातल्या डायरीत टिपून घेतला की फोटो त्या माणसापर्यंत पोचतोच. चार बाय सहाची प्रिंट चहा-क्रीमरोलच्या पैशात निघते. मी पाठवलेल्या प्रिंटा काही घरांत देव्हाऱ्याशेजारी लावल्यात असं कळलं मला, कारण त्या घरात त्या आजींचा दुसरा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा.

"पब्लिक प्लेस आहे" हे उत्तर इतक्या वेळा ऐकलंय की कायद्यात काय आहे ते एकदा लिहूनच टाकते. सार्वजनिक जागी फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही, हे खरं. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्याआधी हेच २०१३ पासून भारतीय दंड विधानात ३५४ क म्हणून होतं. एखादी बाई खाजगी कृत्य करत असताना, आपल्याला कोणी बघत नसेल असं तिने धरून चालणं साहजिक आहे अशा परिस्थितीत, तिच्याकडे टक लावून बघणं किंवा तिचा फोटो काढणं हा गुन्हा आहे, पहिल्यांदा एक ते तीन वर्षं शिक्षा. रस्त्यावर लुगड्याचा आडोसा केलाय म्हणजे तिला काय हवंय हे समजायला वकील लागत नाही. त्याच कलमात पुढे अजून एक स्पष्टीकरण आहे जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: तिने फोटो काढायला हो म्हटलं असेल पण तो दुसऱ्यांना दाखवायला हो म्हटलं नसेल, आणि तुम्ही पसरवलात, तर तो गुन्हा. म्हणजे काढायची परवानगी वेगळी आणि दाखवायची वेगळी, हे कायद्याने त्या कलमापुरतं का होईना मान्य केलंय. आणि सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, पुट्टस्वामी केस. तो हक्क मुख्यतः सरकारसमोर मागायचा, पण माणूस घराबाहेर पडला म्हणून त्याचं खाजगीपण उंबऱ्यातच राहतं असं नाही, हा विचार त्या निकालात आहे.

दुसरीकडे कॉपीराइटचा १९५७ चा कायदा बघा. फोटो ज्याने काढला तो त्याचा कर्ता, त्यामुळे सर्वसाधारणपणे मालकी त्याची. ज्याचा चेहरा आहे त्याला मालकीचा काहीही हक्क नाही. त्या मावशींचा फोटो कॅलेंडरवर विकला गेला तरी या कायद्याने त्यांच्या हातात काही येत नाही. जर्मनीत १९०७ पासून कायदा आहे की माणसाचा फोटो प्रसिद्ध करायचा तर त्याची संमती हवी, थोडे अपवाद सोडून. त्यामागची गोष्ट अशी की १८९८ मध्ये बिस्मार्क वारला तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री खोलीत घुसून प्रेताचा फोटो काढून आले आणि विकायला निघाले, त्यावरून एवढं वादळ उठलं की शेवटी कायदा झाला. आपल्याकडे तसा सरळ कायदा नाही म्हणूनच तुमच्या ग्रुपच्या नियमांना आणि स्पर्धेच्या अटींना वजन आहे. सध्या बहुतेक वेळा तेवढंच हाताशी आहे.

आता एक किस्सा सांगते, नावं गाळून. आमच्या ओळखीचे एक काका मार्केट यार्डात हमाली करतात. रात्री दीड-दोनपासून गाड्या खाली करायला लागतात, दुपारी बारा-एकला काम संपतं, मग तिथेच सावलीत पोत्यावर पडून तासभर झोपतात आणि घरी येतात. गेली कित्येक वर्षं हाच क्रम. कोणीतरी त्यांचा झोपलेला फोटो काढला, तोंड उघडं, एक चप्पल पायात एक बाजूला, शेजारी कोणाचीतरी रिकामी बाटली पडलेली. तो एका स्पर्धेत गेला, निवडला गेला, आणि स्पर्धेच्या पेजवर आला, खाली कॅप्शन: "व्यसनाच्या विळख्यात." त्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, गळ्यात माळ आहे, फोटोत पण माळ दिसत होती, नीट बघितलं असतं तर. काकांचा मुलगा कॉलेजला आहे, त्याच्या वर्गातल्या कोणीतरी तो फोटो त्याला पाठवला, हे तुझे बाबा ना म्हणून. तो पोरगा माझ्याकडे आला तेव्हा रडकुंडीला आला होता. म्हणत होता ताई हे काढायचं कसं, बाबांना अजून माहीत नाहीये. आम्ही मेसेज केले, मेल केली, उत्तर यायला बरेच दिवस गेले आणि उत्तर काय आलं तर हा कलाकृतीचा भाग आहे, फोटोग्राफरशी बोलून बघतो. शेवटी काढला, पण तोपर्यंत तो फोटो कुठे कुठे शेअर झाला होता ते कोण मोजणार. माझा प्रश्न साधा आहे: ज्याने तो निवडला त्या परीक्षकाने एकदा तरी विचारलं का की हे तुला कसं माहीत? हा माणूस कोण आहे, त्याच्याशी बोललास का? लाईट कसा आहे, फ्रेम कशी आहे यावर मार्क दिले आणि कॅप्शन खरं की खोटं यावर शून्य विचार.

आणि हे आपल्यापुरतं नाहीये. २०१८ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या बातम्यांच्या फोटोंना बक्षिसं देणाऱ्या संस्थेच्या इन्स्टा अकाउंटवर एका इटालियन फोटोग्राफरचे फोटो आले होते, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या गरीब माणसांसमोर टेबल मांडायचं, त्यावर खोटं खाणं ठेवायचं आणि त्यांना सांगायचं की डोळे झाका आणि जेवायला काय आवडेल त्याचं स्वप्न बघा. खोटं खाणं! जगभरातून लोक चिडले, त्याला माफी मागावी लागली. त्याच्या आधी २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या जाहिरातीत कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीतल्या अल्पवयीन म्हणून सांगितलेल्या मुलीचा, गिऱ्हाईक तिच्या अंगावर असतानाचा, चेहरा दिसणारा फोटो वापरला गेला. फोटोग्राफरने काढला, आयोजकांनी निवडला, पोस्ट केला, आणि इतक्या हातांतून जाताना कोणालाही वाटलं नाही की थांबा. मी हे मुद्दाम सांगतेय कारण बुधवार पेठेतली तशीच वस्ती आपल्या वॉकच्या रस्त्यावरच आहे, दगडूशेठपासून चालत पाच मिनिटं. "चल आतून जाऊ, मोबाईल खाली धरून काढू" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तिथल्या कितीतरी जणींच्या गावी घरच्यांना माहीत नाही त्या इथे काय करतात, मुलं हॉस्टेलवर शिकतायत. एका फोटोने काय होऊ शकतं याचा विचार करा. त्या गल्ल्यांमध्ये चोरून काढलेला एकही फोटो ग्रुपवर राहता कामा नये, कितीही "डॉक्युमेंटरी" म्हणा. तिथे खरंच काम करायचं असेल तर महिनोन्महिने जाऊन, बायकांच्या संघटनांशी बोलून करणारे लोक आहेत, तो रस्ता वेगळा.

ढोल-ताशाचं पण बोलायलाच हवं. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांची प्रॅक्टिस चालू झाली की तिथेही कॅमेरे, आणि विसर्जनाला लक्ष्मी रोड ते अलका चौक तर विचारूच नका. मुली कमरेला ढोल बांधून तासन् तास वाकून वाजवतात, घामाने कुडता अंगाला चिकटलेला असतो, आणि त्यांचे झूम केलेले स्लो मोशन रील फिरतात ज्यात ढोल दिसत पण नाही. खाली कमेंट काय असतात ते तुम्हीही वाचलंय. मिरवणूक बघायचीच गोष्ट आहे, वाजवणाऱ्या मुलींना आपला फोटो आला तर आनंदच होतो, त्या स्वतः मागतात पण, त्यामुळे हा प्रश्न परवानगीचा कमी आणि तुम्ही कुठे बघताय याचा जास्त आहे. ॲडमिनने असा फोटो दिसला की उडवायचा, चर्चा करत बसायचं नाही.

तांबट आळीत, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, मात्र उलटा त्रास होतो, तिथे सगळे विचारून काढतात पण विचारतात म्हणजे काय ते ऐका. ग्रुपचे वीस जण एकदम दारात. काका जरा मठारा ना परत, जरा तोंड इकडे, दिवा बंद करता का, धूर मस्त दिसेल. मठारकाम म्हणजे भांड्यावर हातोड्याचा एकसारखा ठोका, एकाशेजारी एक, हात चुकला की रांग बिघडते. एका कारागिरांनी मला सांगितलं, "मजुरी नगावर असते, तुमचा अर्धा तास म्हणजे माझा अर्धा नग." आणि ते नाही म्हणत नाहीत कारण दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं. हो म्हटलंय पण नाईलाजाने म्हटलंय, हे ओळखायला आलं पाहिजे. निदान वीसाच्या जागी तिघं जा, बसा, काम चालू राहू दे, निघताना एखादं भांडं विकत घ्या.

लहान मुलांचं थोडक्यात. जनता वसाहतीसारख्या झोपडपट्टीतली असोत की सिग्नलवरची मुलं, बिस्किटाचा पुडा देऊन हसवून फोटो काढायचा हे बंद करा. पोराने हो म्हणणं याला परवानगी म्हणत नाहीत, आई-बाप किंवा जे कोणी सांभाळतात त्यांना विचारा. बालन्याय कायद्याचं (२०१५) कलम ७४ आहे, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्यात अडकलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो माध्यमांतून छापायला बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. रस्त्यावर राहणारं, काम करणारं मूल त्या व्याख्येत येऊ शकतं. आणि शाळेचा युनिफॉर्म, लोकेशन टॅग, मुलाचं नाव हे तिन्ही एका पोस्टमध्ये टाकणाऱ्यांनी जरा भीती बाळगा. अपघाताचं तर बोलायलाच नको, आधी माणूस उचला.

आता तुमच्यातले जुनेजाणते म्हणतील की विचारलं की माणूस पोझ देतो, कॅन्डिड म्हणजे नकळत टिपलेलं मरतं, जगातले सगळे मोठे फोटो न विचारताच काढलेत. बरोबर आहे, खूपसे तसेच आहेत. पण त्या फोटोंमधल्या माणसांचं पुढे काय झालं तेही वाचा. डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमोला मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला, मुलं खांद्याला बिलगलेली, मंदीच्या काळाचं प्रतीक झाला तो. लँगने स्वतःच नंतर लिहिलंय की मी तिचं नाव विचारलं नाही. ती बाई म्हणजे फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला १९७८ मध्ये कळलं, तोपर्यंत ती म्हातारी झाली होती आणि त्या फोटोतून तिला काहीही मिळालं नव्हतं, तिला त्याचा रागच होता. हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो १९८४ चा, निर्वासितांच्या छावणीतला, जून १९८५ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या कव्हरवर आला. शरबत गुला हे तिचं नाव २००२ मध्ये तिला शोधून काढल्यावर कळलं आणि तोपर्यंत तिने स्वतःचा तो फोटो पाहिलाही नव्हता. हे फोटो मला ग्रेटच वाटतात. पण नाव विचारलं असतं तर त्यातला कुठला फोटो खराब झाला असता? तेव्हा लोकांना शोधणं तरी अवघड होतं, आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, फोटो तिथल्या तिथे पाठवता येतो.

कॅन्डिड हवंच असेल तर आधी काढा आणि मग विचारा. जाऊन स्क्रीनवर दाखवा, कुठे टाकणार ते सांगा, नको म्हणाले तर समोर डिलीट करा, नाराज न होता. बहुतेक वेळा लोक हो म्हणतात, उलट अजून एक काढ म्हणतात. आणि जो फोटो दाखवायला आपल्यालाच संकोच वाटतो तो टाकायचाच नाही, माझ्यासाठी ही परीक्षा पुरते.

एक गोष्ट स्पष्ट करते नाहीतर माझ्या पत्राचा भलताच वापर होईल. पुढारी, अधिकारी, पोलीस ड्युटीवर काय करतायत, मोर्चा, लाठीमार, पालिकेने पाडलेली टपरी, याचे फोटो काढायला कोणाची परवानगी लागू नये, ते लोकांना कळलंच पाहिजे. मोर्च्यातल्या साध्या माणसाला उगाच अडचणीत आणणारा क्लोजअप टाळता येतो तेवढा टाळा, पण सत्तेवरच्या माणसाने "माझा फोटो का काढला" म्हणायचं नाही. मी बोलतेय ते ज्याच्या हातात उत्तर द्यायला काहीच साधन नाही त्याच्याबद्दल. गर्दीच्या फोटोत पाचशे चेहरे असतात, तिथेही पाचशे जणांना विचारा असं कोणी म्हणत नाहीये.

तर तुमच्याकडून काय हवंय ते सांगते. स्पर्धेच्या फॉर्मवर कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, शटर स्पीड किती हे सगळं विचारता, तिथेच अजून एक रकाना टाका: फोटोतल्या माणसाचं तुमच्याशी काय बोलणं झालं आणि फोटो इथे देताय हे त्यांना माहीत आहे का. चेहरा ओळखू येतोय आणि रकाना रिकामा आहे, तर फोटो परीक्षकांपर्यंत जाऊच देऊ नका. आंघोळ, कपडे बदलणं, शौच, झोपलेल्या बायका, हे स्पर्धेत आणि ग्रुपवर कायमचं बंद. "गरिबी", "भूक", "म्हातारपण" असे विषय देणं थांबवा, त्या विषयांवर पोरं माणूस शोधायला बाहेर पडतात आणि सापडेल त्याच्यावर कॅप्शन चिकटवतात, हमाल काकांचं तेच झालं. पेजवर एक नंबर ठेवा, कोणी फोन करून म्हणालं की हा माझा किंवा माझ्या आईचा फोटो आहे, काढा, तर त्याच दिवशी काढायचा, वाद नंतर घाला. आणि तो फोन मराठीत उचलला जाईल असं बघा, त्या मावशींना इंग्रजी मेल लिहिता येणार नाही. बक्षीस जाहीर झालं की फोटोतल्या माणसालाही बोलवा प्रदर्शनाला, येण्याजाण्याचं भाडं द्या, एवढं तुमच्या बजेटमध्ये नक्की बसतं. हल्ली एका स्वच्छ चेहऱ्याच्या फोटोवरून काय काय खोटं बनवतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, त्यामुळे मोठ्या साइजच्या फाइली उघड्यावर ठेवणं पण बंद करा.

पालखी यायच्या आधी सगळ्या ग्रुपच्या ॲडमिननी एकदा भेटूया. आमच्या वाड्याचं अंगण आहे, वीस-पंचवीस जण आरामात बसतात, चहा माझ्याकडे. दिंडी नंबर आणि नाव टिपायची एक छोटी चिठ्ठी मी मराठीत करून ठेवलीये, मोठ्या अक्षरात, ती हवी त्याने घ्यावी आणि आपल्या ग्रुपचं नाव घालून छापावी. मुक्कामाच्या दिवसांत प्रिंटा काढून वाटायच्या असतील तर माझ्याकडे छोटा प्रिंटर पण आहे, कागद तेवढा आणा. कोणता रविवार जमतोय ते ग्रुपवर कळवा.

तुमचीच,
नाना पेठेतली एक फोटोवाली